कुलूपबाई

बाई माणसाकडे बघायच्या आधी दाराकडे बघायच्या. कोणत्याही गावात शिरल्या की पहिल्या बंद घरासमोर थांबत. कुलूप हातात घेऊन उलटे करत, त्यावरचा गंज अंगठ्याने चोळून बघत, किल्लीच्या भोकात काडी घालून माती निघते का ते पाहत. मग शेजारच्या ओट्यावर जो कोणी बसला असेल त्याला रामराम नाही, नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न: "हे दार शेवटचं कधी उघडलं होतं?" परक्या बाईने असे विचारल्यावर गावातली माणसे काय समजतील? इंदापूर तालुक्यातल्या एका गावाने त्यांना चोरांसाठी टेहळणी करणारी समजून दुपारभर देवळात बसवून ठेवले होते. दुसऱ्या गावात जप्तीवाली आली म्हणून बायकांनी भांडी लपवली. आमच्या गावाने त्यांना 'कुलूपबाई' हे नाव दिले, आणि ते कौतुकाने दिलेले नव्हते.

त्यांचे खरे नाव इथे लिहीत नाही. नाव छापून आले की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो, असे त्या म्हणायच्या, आणि शहाण्यासारखे वागलेले त्यांना आपल्या बाबतीत खपले नसते.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या काम करत. त्यांच्या विषयाचे नाव लांबलचक होते. त्यात जगातली विषमता होती, हौसेने केलेले स्थलांतर होते, गरिबाला परवडणारे घर होते. पण बोलताना त्या यातला एकही शब्द वापरत नसत. म्हणायच्या, "एकाच रस्त्याने दोन माणसं येतात. एकाला गाव विचारतं, 'राहायला कधी येताय?' दुसऱ्याला विचारतं, 'हितून कधी हलताय?' हा फरक कुठून येतो, तेवढंच मला बघायचंय."

हे बघायला आमच्यासारखे दुसरे गाव नव्हते. आमचे गाव उजनीच्या पाण्याच्या काठावर. हिवाळ्यात या पाण्यावर दूर देशांतले पक्षी उतरतात. आम्हाला त्यांचे काही नव्हते, पण नव्वदीच्या मधल्या वर्षांत शहरातल्या लोकांना त्यांचे वेड लागले. पुण्या-मुंबईची माणसे, कोणी तर थेट विलायतेत नोकरी करून निवृत्त झालेली, काठाला जमिनी घेऊन बंगले बांधू लागली. गावात त्यांना 'फारमवाले' म्हणत. बंगल्यांना लोखंडी फाटके होती आणि फाटकांना नारळाएवढी कुलपे. ती वर्षातून दोन-चार वेळा उघडत.

मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. आमचे घराणे मेंढपाळांचे. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मेंढरे विकून शेती धरली आणि मला वडगाव निंबाळकरला मावशीकडे ठेवून शिकवले. तिथून मी एस.टी.ने बारामतीच्या कॉलेजात जात असे. बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्या सरांनी सांगितले, की पुण्याच्या एका बाईंना गावोगाव बरोबर फिरायला मुलगी हवी आहे. बारामतीच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये मी त्यांना भेटले. मी इस्त्रीची साडी नेसून, गुणपत्रिका घेऊन गेले होते. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

"मराठी येतं का?" त्यांनी विचारले.

"माझं बी.ए. मराठीतच झालं आहे."

"ते नव्हे. तुझ्या आईचं मराठी येतं का?"

मला राग आला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'न्हाय' म्हणाले म्हणून पोरी महिनाभर हसल्या होत्या. तो 'न्हाय' जिभेवरून खरवडून काढायला मला तीन वर्षे लागली होती आणि ही बाई तोच परत मागत होती. मी म्हणाले, "येतं. पण मी ते बोलत नाही."

"मग उद्यापासून बोल. पगार त्याचाच आहे."

पहिल्या महिन्यात मी लोकांचे बोलणे ऐकून नीट शुद्ध करून लिहून देत असे. बाईंनी ती पाने माझ्यासमोर फाडली. "तू धुऊन आणतेस. मला धुतलेलं नको. त्या म्हातारीने शिवी दिली होती, ती कुठे गेली?" मी म्हणाले, "ती तुम्हाला दिली होती." त्या म्हणाल्या, "मग माझीच आहे ना? आण इकडे."

स्पष्टच लिहायचे तर बाई कोणालाच आवडत नसत. मलाही नाही. शाबासकी हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. चुकले तर चारचौघांत बोलत. सगळ्यात वाईट म्हणजे, कामावर असताना त्या कोणाच्या घरचा चहा तर सोडाच, पाणीही घेत नसत. फिरकीचा तांब्या बरोबर असे, त्यातलेच पाणी पीत. कारण विचारले तर म्हणत, "चहा प्यायला की ते माझ्याशी गोड बोलतात आणि मी त्यांच्याशी. मग दोघंही खोटं बोलतो." त्यांचे हे तत्त्व त्यांच्यापाशी. आमच्याकडे दारात आलेल्याने पाणी नाकारले की त्याचा अर्थ एकच होतो. सांगवीला एका घरात लेक-सून पुण्याला कंपनीत कामाला गेले होते आणि म्हातारी एकटी होती. तिने बाईंना तांब्या पुढे केला. बाईंनी मान हलवून आपला तांब्या दाखवला. म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, हिला म्हणावं, आमच्या पाण्यानं बाटशील तर आमच्या दारानं बी बाटशील. हो बाहीर." मी ते बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले. म्हातारीने तोपर्यंत दार लावून घेतले होते.

बाईंची एक जुनी लूना होती. इंदापूरच्या एका गॅरेजात ती ठेवलेली असे. आमच्या गावात ती उभी केली की कोणी ना कोणी हवा सोडत असे. बाईंनी तक्रार केली नाही. मागच्या कॅरिअरला हातपंप बांधला. काम संपले की साडी खोचून चावडीसमोर हवा भरत बसत. पारावरची माणसे बघत बसत. एकदा सरपंच म्हणाले, "बाई, हवा जाती कशी सारखी? ट्यूब खराब दिसतीया."

बाई पंप न थांबवता म्हणाल्या, "ट्यूब चांगली आहे. गाव खराब आहे."

यानंतर गावाचा आणि त्यांचा जो काही संबंध उरला होता तोही संपला. तात्या मला म्हणाले, "तुला शिकवली ती हिच्या मागं लोकांची दारं चाचपाय? सोड ते काम." मी सोडले नाही. का सोडले नाही, ते त्या वेळी मला सांगता आले नसते.

आता पाण्याकाठच्या घरांविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यांच्यावरूनच झाले.

गावातून पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर आमच्या भावकीची सहा-सात घरे आहेत. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रा. त्यातल्या एका घरात माझा जन्म झाला. तात्या वर गावात राहायला गेले, पण त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, आणि बाकीचे लोक अजून मेंढरे राखत. दिवाळी झाली की मेंढरे, घोडी, कोंबड्या, लेकरे घेऊन कोकणात उतरायचे आणि जेठात, पावसाच्या तोंडावर, परत यायचे. तेवढे महिने ही घरे रिकामी असत. घरे आबांच्या वडिलांनी उजनीचे धरण होताना जागा मिळेल तिथे बांधलेली. कागदावर त्यांचे नाव कुठेच नव्हते.

त्या वर्षी आबांचा तांडा निघाला तेव्हा बाई मुद्दाम बघायला आल्या. आबांची बायको, आमची नानी, घराबाहेर पडली ती शेवटची. तिने जमीन सारवली, कोपऱ्यात पाण्याचा माठ भरून झाकला, जवळ बाजरीची लहान पिशवी ठेवली आणि दारात बोरीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी लावली. फांदीचा जाड बुंधा तिने बाहेरच्या बाजूला ठेवला.

"बुंधा बाहेर का?" बाईंनी विचारले.

"येनाऱ्याला धरून वढता याया नगं? काटं आत, बुंधा भाईर. कुनी वाटसरू आला, तहानला, तर आत यावं, पानी प्यावं, जाताना माठ भरून ठिवावा."

"आणि कुलूप?"

नानीने कानाला हात लावला. "नगं बाई. ज्या घरात कुनी उरलं न्हाय, दिवा लावाय मानूस न्हाय, त्या घराला भावकी कुलूप लावती. जित्या घराला लावत न्हाईत."

मेंढरांचा कळप बंगल्यांच्या समोरून चालला होता. पहिल्या बंगल्याच्या फाटकात लंडनवाले साहेब उभे होते. लंडनला जन्म काढून निवृत्त झालेले हे मराठी गृहस्थ. धुळीमुळे त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. बाईंना शहरातल्या समजून ते म्हणाले, "हे लोक सारखे भटकत असतात. यांना घर हवं कशाला? ती खोपटी निघाली तर इथून थेट पाणी दिसेल."

बाईंनी विचारले, "गेल्या वर्षात आपण कुठे कुठे होतात?"

साहेब खुशीत सांगू लागले. उन्हाळाभर लंडन, मग मुलाकडे अमेरिकेत, मग थोडे दिवस पुणे, मग इकडे पक्षी बघायला.

"मग तुम्हाला घर कशाला हवं?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी फाटक आतून लावून घेतले. दुसऱ्या दिवसापासून राखणदाराला हुकूम झाला, की लूनावाली बाई दिसली तर कुत्रे सोडायचे. त्याने ते एकदा सोडलेही.

पौषात गावात बातमी आली. पाण्याकडे जाणारी वाट रुंद करायची होती, बंगल्यांपर्यंत मोटारी नीट जाव्यात म्हणून. वाटेवरची जी घरे ओसाड असतील ती काढायची. जी राहती असतील ती तिथल्या माणसांच्या नावावर करायची. तालुक्याहून माणूस येऊन दोन दिवसांनी पाहणी करणार होता. ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण आमची घरे पौषात कशी दिसतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आबा तेव्हा घाटाखाली कुठल्या रानात असतील, सांगता येत नव्हते. निरोप धाडायचा तरी कुठे?

बाई सरपंचांकडे गेल्या. मी बरोबर होते.

"तारीख मी ठरीवत न्हाय, बाई," सरपंच म्हणाले.

"पण तारीख सांगताना तुम्ही हसलात."

"मंग रडू व्हय?" सरपंच म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले.

तिथून आम्ही इंदापूरला गेलो. कचेरीच्या व्हरांड्यात बाई अर्धा दिवस उभ्या राहिल्या. शेवटी एका कारकुनाने ऐकून घेतले. पाहणी जेठात करा, तोवर ही माणसे परत येतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तो म्हणाला, "वर्षातले सहा महिने रिकामं असतं ते घर कसलं, मॅडम?"

"बंगले अकरा महिने रिकामे असतात."

"त्यांना कुलूप असतं ना. कुलूप आहे म्हणजे मालक आहे. तुमच्या त्या घरांना दारात काट्या लावल्यात म्हणे. काट्या उकिरड्याला लावतात."

बाई वळून पायऱ्या उतरल्या. बाईंनी भांडण अर्धे सोडले की मला भीती वाटे.

इकडे तात्या निर्धास्त होते. म्हणाले, "मी हाय की हितं. सायेबाला सांगीन, माझ्या भावाचं घर हाय, जेठात येतोय. माझ्या बोलन्याला किंमत न्हाय व्हय?"

बाई आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नाही."

तात्यांनी त्या दिवशी जेवण केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई इंदापूरहून आल्या त्या एका सुताराला लूनावर मागे बसवून. त्याच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत नवीकोरी कुलपे होती. आमच्या घरांच्या दारांना कडी-कोयंडाच नव्हता, म्हणून सुतार.

मी त्यांच्या आडवी आले. म्हणाले, "बाई, हे करू नका. आमच्यात जित्या घराला कुलूप लावणं म्हणजे आतली माणसं मेली म्हणण्यासारखं आहे. नानीनं सांगितलं होतं तुमच्यासमोर."

"ऐकलंय मी. लिहूनही घेतलंय. पण उद्या येणाऱ्याने ऐकलेलं नाही. तो दार बघणार."

"मग तात्यांना विचारा तरी."

"ते नाही म्हणतील."

"म्हणून विचारायचं नाही?"

त्यांनी मला बाजूला केले. सुताराने पहिल्या चौकटीत खिळा ठोकला. पाण्याकाठी आवाज लांब जातो. दुसऱ्या घरापर्यंत पोचेतो भावकीतल्या बायका उतारावरून पळत आल्या. नानीची धाकटी जाऊ, माझी काकू, सगळ्यांच्या पुढे. नानीच्या दाराला लटकलेले कुलूप बघून ती मटकन खाली बसली आणि मयताला काढावा तसा सूर तिने काढला. दुसऱ्या बायकांनी बाईंना घेरले.

"कुनाचं मढं बघितलंस गं, कुलूप लावाय?"

"आमची लेकरं-बाळं कोकनात जित्ती हाईत, सटवे!"

"तुज्याच दाराला लागू दे कुलूप!"

कोणीतरी ढेकूळ मारले. ते बाईंच्या खांद्यावर फुटले. सुतार हातोडा टाकून पळाला तो इंदापूरपर्यंत थांबला नसावा. मग तात्या आले. हातात कुऱ्हाड होती. मी मधे गेले, पण ते बाईंकडे आलेच नाहीत. सरळ नानीच्या दारापाशी गेले आणि दोन घावांत त्यांनी कोयंडा उखडला. कुलूप उचलून पाण्यात भिरकावले. मग बाईंकडे वळले.

"माझा भाऊ मेलाय व्हय?" ते म्हणाले. "सांग की. मेलाय व्हय माझा भाऊ?"

माफी मागणे बाईंना जमत नसे. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ जिवंत आहे म्हणून तर लावतेय. उद्या पाहणी आहे. मी सकाळी पुन्हा येईन."

"ये!" तात्या ओरडले. "ये तर खरं! हितंच बसतो आमी."

आणि ते तिथेच बसले. नुसते तात्या नाही, गावात मागे राहिलेली आमची सगळी भावकी. कुलूपबाई पहाटे येऊन कुलपे लावून जाईल या धास्तीने प्रत्येक घरात कोणी ना कोणी मुक्कामाला आले. बाया लेकरांना घेऊन आल्या. शेळ्या आणल्या, कारण घरी त्यांचे कोण बघणार. पहाटे चुली पेटल्या. मी आईबरोबर नानीच्या चुलीवर भाकरी थापल्या. सहा महिने थंड असणारी ती घरे त्या सकाळी लग्नघरासारखी झाली होती. फक्त सगळे संतापलेले होते.

पाहणीचा माणूस उतारावरून आला तेव्हा प्रत्येक पत्र्यातून धूर निघत होता, दारात शेळ्या बांधल्या होत्या आणि उंबऱ्यात बायका बसल्या होत्या. त्याच्या काखेत चामडी पिशवी बघून नानीच्या जावेला वाटले, कुलूपबाईचाच माणूस. ती विळा घेऊनच उठली.

"कुलूप लावाय आलाय व्हय रं? लाव बघू! आदी माज्या हाताला लाव!"

"बाई, मी फक्त बघायला..."

"बघितलंस? हितं मान्सं ऱ्हात्यात. दिसत्यात का न्हाय? का डोळं फुटलं?"

त्याने तिथेच उभ्याने लिहिले आणि निघून गेला. एकाही घरात शिरला नाही. सगळी घरे राहती.

बाई त्या दिवशी वेशीपाशी अडवल्या गेल्या होत्या. पोरांनी लूनाची दोन्ही चाके सपाट केली आणि पंप काढून घेतला. त्या इंदापूरपर्यंत लूना ढकलत गेल्या.

पुढे घरे ज्याची त्याच्या नावावर झाली. रस्ता वळवून न्यावा लागला. गावात कोणीही बाईंचे नाव घेतले नाही, आणि घेतले तर शिवी म्हणून. तात्यांनी एस.टी.च्या थांब्यावर त्यांना गाठून बजावले, "आमच्या वस्तीवर पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाय." बाई म्हणाल्या, "बरं."

मी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरते बोलत होते. एके दिवशी बारामतीच्या स्टँडवर बसची वाट बघताना न राहवून विचारले, "तुम्ही 'पुन्हा येईन' असं मुद्दाम म्हणालात का? त्यांनी तिथं येऊन बसावं म्हणून?"

"छे," त्या म्हणाल्या. "मी खरंच येणार होते. जास्त मोठी कुलुपं घेऊन."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं चुकलं होतं. तू सांगितलं होतंस. वीस वर्षं मी लोकांना दारांबद्दल विचारतेय आणि विचारायच्या वेळी विचारलं नाही." मग बस आली. चढताना मागे वळून म्हणाल्या, "एम.ए.चा अर्ज भरलास का?"

"नाही अजून. तात्या नको म्हणतात."

"तो भरल्याशिवाय उद्या कामाला येऊ नकोस."

मी अर्ज भरला. आमच्या घराण्यात पुण्याच्या विद्यापीठाची पायरी चढणारी मी पहिली, ती या धमकीमुळे.

जेठात आबांचा तांडा परतला. त्यांना सगळे कळले. आबांनी चौकटीतल्या खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवले. नानीने हळदीच्या पाण्याने उंबरा धुतला. मग मला बाजूला घेऊन तिने विचारले, "कशापायी केलं गं तिनं?" मी कचेरीतले सगळे सांगितले. कारकून काय म्हणाला, बाई अर्धा दिवस कशा उभ्या होत्या. "उकिरड्याला म्हनला?" एवढेच तिने विचारले.

पुढच्या दिवाळीनंतर तांडा निघाला तेव्हा नानीने जमीन सारवली, माठ भरला, काटी लावली. मी पुण्याला परत निघाले होते. ती म्हणाली, "त्या बाईला सांग. म्हनावं, काटी बाजूला करायची, आत जायाचं, पानी प्यायचं. पर पुन्हा कुलूप घिऊन आलीस तर पाय मोडीन."

मी पुण्यात बाईंना हा निरोप दिला. आईच्या मराठीत, न धुता. त्यांनी लिहून घेतला नाही. चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि म्हणाल्या, "बरं."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या. आजार त्यांनी कोणाला कळू दिला नव्हता. त्यांच्या संस्थेत शोकसभा झाली. मोठमोठे लोक बोलले. विषमता, स्थलांतर, गृहनिर्माण असे सगळे शब्द आले. मलाही बोलायला सांगितले होते. मी उठले नाही. मला जे सांगायचे होते ते त्या सभेत बसले नसते.

ते असे. नानीच्या निरोपानंतर, माघात, मी सुट्टीला घरी आले होते. दुपारची वेळ. धाकटा भाऊ पळत आला आणि म्हणाला, "तात्या, लूना! कुलूपबाईची लूना नानीच्या दारात हाय!" तात्या ताडकन उठले. कोपऱ्यातली काठी घेतली. आई म्हणाली, "अवं, ऐका तरी." मी मागून निघाले तर त्यांनी हातानेच थांबवले, तरी मी थोडे अंतर ठेवून गेलेच.

उताराच्या तोंडाशी जाऊन ते उभे राहिले. तिथून नानीचे दार दिसते. काटी बाजूला केलेली होती. आत कोणीतरी जमिनीवर बसले होते. तात्या तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात माठ होता. त्या माठ घेऊन पाण्यापर्यंत गेल्या. गुडघ्याने अधू झालेल्या, दोनदा थांबल्या. भरून परत आल्या. माठ आत ठेवला, काटी लावली, लूना चालू केली आणि गेल्या. हवा कोणी सोडली नव्हती.

मग तात्या खाली गेले. मी घरी येऊन आईबरोबर ओट्यावर वाट बघत बसले. ते परतले, काठी जागेवर ठेवली आणि हातपाय धुऊ लागले.

"काय केलं बाईनं?" आईने विचारले.

"पानी पिली. माठ भरून ठिवला."

"मंग?"

तात्यांच्या तळहाताला काट्याचा ओरखडा होता. त्यावर ते पाणी ओतत राहिले.

"काटी उलटी लावली हुती," ते म्हणाले. "बुंधा आत. येनाऱ्याच्या हाताला लागलं असतं. सरळ करून आलो."